हॉलमधली करवंदी

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या जागी करवंदी आहे. खोटं वाटत असेल तर या बघायला, बाळकुमला, एकोणिसाव्या मजल्यावर. सोफा आम्ही भिंतीला सरकवलाय आणि खिडकीच्या काचेजवळ, जिथे दुपारनंतरचं ऊन येतं तिथे, रंगाच्या मोठ्या बादलीत ही काटेरी बया बसलीय. कमरेएवढी झालीय. जाता-येता माझा पदर ओढते, पडद्याचे धागे काढते, आणि मी तिला रोज शिव्या घालते. पण तिला हलवायचं नाव दुसऱ्या कुणी काढलेलं मला चालत नाही.

शेजारच्या चित्राबाईंनी एकदा काढलेलं. म्हणाल्या, "मंजुळाताई, काटेरी झाड घरात ठेवू नये, वास्तुदोष लागतो." मी म्हटलं, "आमच्यात वास्तुबिस्तु मानत नाहीत. चहा घेणार का?" त्यांनी चहा घेतला. परत तो विषय काही निघाला नाही.

ही करवंदी माझ्या मुलीने तोंडातून थुंकलेल्या बीची आहे. मायाने.

करवंदं खायचा आमच्याकडे एक खेळ असतो. माहीत नसेल तर सांगते. करवंद हातात धरायचं आणि समोरच्याला विचारायचं, कोंबडा की कोंबडी? त्याने काय ते सांगायचं. मग दाताने अर्धं तोडून बघायचं. आत लालभडक निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. वरून काही कळत नाही, वरून सगळी काळीच.

माया लहान असल्यापासून हे बाप-लेक तो खेळ खेळायचे. हे म्हणजे आमचे दगडूराव. रेल्वेत गँगमन होते, मूळ मुरबाडकडचे. आम्ही तेव्हा ठाकुर्लीला चाळीत राहायचो. मे महिना लागला की हे गावाहून पळसाच्या द्रोणात करवंदं घेऊन यायचे आणि मायाला घेऊन गॅलरीत बसायचे. मायाला कायम कोंबडा पाहिजे असायचा, म्हणून हे कायम कोंबडी म्हणायचे. कोंबडा निघाला की ती चाळभर सांगत सुटायची, बाबा हरले, बाबा हरले. आणि कधी कोंबडी निघाली की तोंड फुगवून बसायची, जेवायची नाही. मी ह्यांच्यावर ओरडायचे, "लहान पोरीशी जिंकता, लाज नाही वाटत?" हे म्हणायचे, "मी कुठे जिंकलो, करवंद जिंकलं." पण पोरगी जेवेपर्यंत ह्यांच्याही घशाखाली घास उतरायचा नाही.

माया सव्वीस वर्षांची होती तेव्हा तिला रक्ताचा कॅन्सर झाला. कल्याणला एका शाळेत शिकवायची. पुढचं सगळं मी सांगत बसत नाही, मला ते जमत नाही. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, आता जे मागेल ते द्या. मे महिना होता. ती म्हणाली, "बाबा, करवंदं आणा ना." हे उठले, चप्पल घातली आणि गावाला गेले. संध्याकाळी द्रोण घेऊन हजर.

तिला गॅलरीत खुर्चीवर बसवलेलं. चार-पाच खाल्ली तिने, ओठ, जीभ, सगळं लाल झालं. द्रोणात शेवटचं एक राहिलं. ते उचलून तिने ह्यांना विचारलं, "कोंबडा की कोंबडी?"

"कोंबडी," हे म्हणाले.

तिने अख्खं करवंद तोंडात टाकलं, ओठ मिटून चावलं आणि गर गिळून टाकला. बघायला काही ठेवलंच नाही. हे विचारतायत, अगं काय निघालं, काय निघालं, आणि ही नुसती हसतेय. मग म्हणाली, "आत्ता नाही सांगणार. पुढच्या वर्षी सांगते." आणि बिया शेजारच्या कुंडीत थुंकली. त्या कुंडीतला गुलाब कधीच मेलेला, नुसती माती होती.

पुढचं वर्ष तिला मिळालं नाही. ऑगस्टमध्ये गेली.

ती गेल्यावर घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं. एक दिवस मी गॅलरी झाडत होते तर कुंडीत दोन पानं दिसली. गवत असेल म्हणून उपटायला हात घातला. मागून हे म्हणाले, "हात लावू नकोस. मायाचं आहे ते." त्या दिवसापासून ह्यांच्या डोक्यात एकच बसलं. ह्या झाडाला करवंद लागलं की ते फोडायचं, म्हणजे कळेल तेव्हा काय निघालेलं. आमचा मुलगा प्रशांत इंजिनिअर आहे. तो समजावत होता की बाबा, बीपासून वाढलेल्या झाडाचं तसं नक्की सांगता येत नाही. हे म्हणाले, "ती सांगते म्हणालेली. ती सांगेल." प्रशांत गप्प बसला. मीही बसले, आणि मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

पुढे चाळ पाडायला घेतली आणि आम्ही प्रशांतकडे बाळकुमला आलो. तेव्हा त्याचं नवीन लग्न झालेलं. सामानाचा टेम्पो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला आणि हे मागे सामानात कुंडी मांडीवर घेऊन बसलेले, हातभर ओरखडे. फ्लॅटला बाल्कनी होती, पण आधीच्या मालकाने ती हॉलमध्ये आत घेतलेली. तिन्ही बाजूंनी काच, काचेबाहेर कबुतरांची जाळी. वारासुद्धा विचारून आत येतो. मी म्हटलं, रानातलं झाड ते, इथे कोंडून मरेल. पण नाही मेलं. ह्यांनी गावची माती आणवली, तांदळाचं धुवण घातलं, ऊन सरकेल तशी बादली सरकवली. दोन वर्षांपूर्वी माघात पहिल्यांदा फुललं. पांढरी, जुईसारखी बारीक फुलं, आणि वास असा की लिफ्टपर्यंत यायचा.

फुललं, पण एक करवंद धरलं नाही. सगळी फुलं गेली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

झाड फुलायच्या आधीच ह्यांचं हृदय दुखणाईत झालेलं. पाय सुजायचे, दोन पावलं चालले की धाप. डॉक्टर म्हणाले, पंपिंग फार कमी झालंय, जपा. हे हॉलमध्येच दिवाणावर झोपायला लागले, करवंदीच्या समोर. मला एकदा म्हणाले, "मंजुळे, मी जायच्या आधी कळलं पाहिजे गं." मी त्यांना झापलं, असलं अभद्र बोलू नका म्हणून. आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

पहिल्या बहरातच प्रशांतने मोबाईलवर बघून सांगितलं की घरात माशी नाही, पाखरू नाही, तर फळ धरणार कसं. ह्या फुलाचे पराग त्या फुलाला आपणच लावायला पाहिजेत. मग काय, ह्यांना उद्योग मिळाला. उदबत्ती जळून उरलेली काडी घ्यायची, टोकाला कापसाचा धागा गुंडाळायचा, आणि दिवाणाच्या कडेला बसून एकेका फुलात हळूच घालून फिरवायची. दुपारभर चालायचं. हात थरथरायचे, पण काडी फुलात गेली की स्थिर. मी म्हणायचे, "आता भुंगा व्हायचंच बाकी होतं तुमचं." हे हसायचे. फळ मात्र धरत नव्हतं.

आता प्रीतीचं सांगते, म्हणजे माझ्या सुनेचं. गुणाची आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी बोलत नाही. ऑफिसची बस पकडायची म्हणून सगळ्यांच्या आधी उठते, अंघोळ करते, आणि वंदना करून मगच निघते. बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी मायाचा फोटो. मेणबत्ती, उदबत्ती आणि ताटलीत पांढरी फुलं. मी उठेपर्यंत ती गेलेली असायची. मला वाटायचं, नाक्यावरून जुईची फुलपुडी आणत असेल. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. पांढरं काहीतरी दिसायचं, तेवढंच.

ह्या वर्षी जानेवारीत माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि जग लख्ख दिसायला लागलं. आधी घरातली जळमटं दिसली, मग माझ्या सुरकुत्या दिसल्या. आणि एक दिवस मूर्तीसमोरची ताटली घासायला उचलली तर त्यातल्या फुलांच्या देठाला पांढरा चीक दिसला. जुईला चीक नसतो. चीक करवंदीला असतो.

डोक्यात अशी तिडीक गेली की ताटली हातातून पडायची राहिली. दिवसभर कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर उठून दाराआड उभी राहिले. प्रीती आली. ओले केस, खांद्यावर टॉवेल. करवंदीत हात घालून अलगद फुलं खुडायला लागली. उमललेली तेवढीच, कळ्यांना धक्का नाही. मनगटावर काटे ओरबाडत होते, ती हात मागे घेत नव्हती.

"वा गं वा," मी म्हटलं. "दोन वर्षं सासरा काड्या फिरवतोय आणि तू खुडून मोकळी होतेयस?"

ती इतकी दचकली की ताटली कलंडली. "काय झालं आई?"

"काय झालं? फूल खुडलं तर फळ कुठून येणार, एवढं कळत नाही? शिकलीस ना?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. खरंच, तिच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. मुलुंडच्या सहाव्या मजल्यावर वाढलेली पोर. घरातलं फुलझाड म्हणजे फुलांसाठी, एवढंच तिला ठाऊक. वंदनेला पांढरं फूल लागतं, घरातच फुलतंय, आणि तेही मायाताईंच्या झाडाला. बाबा काडी घालतात ती कीड काढायला, असं तिला वाटलेलं. आम्हीही शहाणे. त्या झाडाच्या फळाबद्दल आम्ही तिघं आपसात बोलायचो, पण मायाचा विषय तिच्यासमोर काढायचा नाही, नव्या सुनेवर आपलं दुःख लादायचं नाही, असं ठरवून बसलेलो. मग तिला सांगणार कोण?

ती रडायला लागली. म्हणाली, "आई, मी त्यांना कधी बघितलं नाही. त्यांच्यासाठी करता येण्यासारखं एवढंच होतं माझ्याकडे."

तरी माझ्या तोंडाचा पट्टा चालूच. तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला, "मंजुळे, पुरे. तिला काही बोलू नकोस."

हे जागे होते. अंगावर पांघरूण, डोळे उघडे.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्या समोरच तर खुडते."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलू? मायाच्या फोटोपुढे फूल ठेवू नकोस म्हणू?"

मला रडू यायचं तर राग आला. माझं नेहमी असंच होतं. म्हटलं, "मग रोज काड्या कशाला फिरवत बसायचात?"

"एखादं फूल तिच्या नजरेतून सुटेल म्हणून."

"आणि नाही सुटलं तर?"

"तर मायालाच गेलं ना," हे म्हणाले आणि कुशीवर वळले.

मी तिथेच जमिनीवर बसले. हा माणूस दोन वर्षं रोज दुपारी फुलांवर मेहनत करत होता आणि रोज पहाटे ती खुडलेली उघड्या डोळ्यांनी बघत होता. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावलेला, ते सुनेच्या हाताने जात होतं, आणि ह्याने ब्र काढला नाही. चाळीस वर्षं संसार केला, पण मला वाटलं मी ह्यांना आज पहिल्यांदा बघतेय. ऑपरेशन डोळ्यांचंच झालेलं, पण मला खरं दिसायला लागलं ते त्या दिवशी.

प्रीतीला त्या सकाळी मीच सगळं सांगितलं. द्रोण, गॅलरी, पुढच्या वर्षी सांगते, सगळं. तिची बस चुकली. दोघी रडलो, मग मी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी ताटलीत नुसती मेणबत्ती होती. हे तिला म्हणाले, "एक फूल घेत जा बाळा. रिकामी ताटली बरी दिसत नाही." ती रोज एकच घ्यायची, तेही पडलेलं.

बहर संपत आलेला. पण शेवटच्या घोसातली तीन धरली. मुगाच्या दाण्याएवढी हिरवी. दोन गळाली. एक राहिलं, काचेच्या बाजूला, आतल्या फांदीवर. त्या एका करवंदापायी आमच्या घरात काय चाललं म्हणून सांगू. प्रशांत ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी खिडकीशी. प्रीती पडदा बांधून ठेवायची. मी शिव्या घालणं बंद केलं. हे दिवाणावर पडून बघत राहायचे. हिरव्याचं गुलाबी झालं, गुलाबीचं लाल. हे म्हणायचे, "घाई करू नका. कच्चं फोडलं तर आत पांढरंच दिसतं, ते खरं नसतं. काळं होऊ दे."

ते काळं व्हायला लागलं आणि ह्यांची तब्येत ढासळली. श्वास पुरेना. हॉस्पिटलात न्यावं लागलं. स्ट्रेचरवरून जाताना मान वळवून खिडकीकडे बघत होते. हॉस्पिटलात आठवडा गेला, आणि एका सकाळी डॉक्टरांनी प्रशांतला बाजूला घेतलं. हे बाजूला घेणं मी आधी एकदा बघितलेलं होतं.

मी प्रीतीला फोन केला. म्हटलं, "काळं झालं का?"

"पूर्ण झालं आई."

"घेऊन ये."

ती स्टीलच्या छोट्या डबीत, ओल्या कापसावर ठेवून घेऊन आली. ट्रॅफिक होता म्हणून अर्ध्या वाटेत रिक्षा सोडून चालत आलेली, घामाने निथळत होती. ह्यांना डबी उघडून दाखवली तेव्हा डोळ्यांत जी चमक आली, ती मी विसरणार नाही. पण नर्सताई म्हणाल्या, तोंडाने काही देऊ नका, ठसका लागेल. त्या बिचाऱ्यांचं बरोबर होतं. घोट पाणी जात नव्हतं.

ह्यांनी हाताने खूण केली, तू खा.

मी करवंद हातात घेतलं. एवढंसं, हलकं. कॉटशेजारी प्रीती आणि प्रशांत उभे. मी विचारलं, "कोंबडा की कोंबडी?"

ऑक्सिजनचा मास्क थोडा सरकवून हे म्हणाले, "कोंबडी." नेहमीचंच.

मी दाताने अर्धं तोडलं. आंबट असं की कान बंद झाले. उरलेलं अर्धं मुठीत धरून बघितलं. आत लालभडक. रक्तासारखं लाल.

कोंबडा होता. हे हरले होते. आणि मला ते सांगवेना. उभं आयुष्य हा माणूस हरत आलेला. मुलीशी हरला, तिच्या आजाराशी हरला, सुनेसाठी गपचूप हरला. आता शेवटी तरी काहीतरी मिळू दे ह्याला, असं मला वाटलं. मी उरलेलं अर्धंही तोंडात टाकलं, ओठ मिटून चावलं, आणि म्हटलं, "कोंबडी निघाली हो. जिंकलात तुम्ही."

हे माझ्याकडे बघत राहिले. तोंडावर आनंद नाही, काही नाही. उलट डोळे विझल्यासारखे झाले. मला कळेना माझं काय चुकलं. मग हळूहळू त्यांचा हात वर आला. बोट माझ्या ओठांना लावलं आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर धरलं. बोटाचं टोक लाल झालेलं.

"खोटारडी," हे म्हणाले. मास्कच्या आत हसत होते. "एकच तर खाल्लंस. ओठ लाल कशाने झाले?"

मी पदराने ओठ झाकले.

"कोंबडाच होता," हे म्हणाले. "पोरगी जिंकलेली. हसत का होती, ते आत्ता कळलं."

डोळे मिटले त्यांनी. ते लाल बोट छातीवर ठेवलं. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत, आणि बोलायला फार वेळही उरला नव्हता. पण चेहरा असा निवांत होता की मला भीती वाटायची बंद झाली.

बिया माझ्या तोंडातच होत्या. गिळता येईनात, आणि तिथे थुंकणार कुठे. मी इकडेतिकडे बघत होते तेव्हा प्रीतीने हात पुढे केला. मनगटावर काट्यांचे जुने ओरखडे तसेच होते. म्हणाली, "आई, माझ्या हातावर द्या."